ट्रॅकवाल्या इलेक्ट्रिक गाडीचं व्हायब्रेशन सिम्युलेट करायचंय? आधी वही घ्या

डिझेल इंजिन गेलं म्हणजे थरथर गेली असं बरेच जण धरून चालतात. पण ट्रॅक तोच राहतो ना, हादऱ्यांचा मोठा वाटा तिथूनच येतो आणि वर मोटरचा टॉर्क रिपल, म्हणजे टॉर्कमधले बारीक चढउतार, नव्याने येतो. म्हणून सॉफ्टवेअर उघडायच्या आधी आकडे वहीत मांडा.

उदाहरणाला एम-113 ही सैन्याची ट्रॅकवाली चिलखती गाडी घेऊ, प्रोजेक्ट क्रोनो या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये तिचं मॉडेल फुकट मिळतं, इंजिनाच्या जागी मोटर आपण बसवायची. शूचा, म्हणजे ट्रॅकच्या एका कडीचा, पिच (लांबी) 152.4 मिमी, स्प्रॉकेटला, म्हणजे ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकाला, दात 10 धरा. वेग ताशी 36 किमी म्हणजे सेकंदाला 10 मीटर, म्हणजे सेकंदाला साधारण 66 शू दातांवर चढतात, झाले 66 हर्ट्झ. आता गिअर रेशो (स्प्रॉकेटच्या एका फेऱ्याला मोटरचे फेरे) 10 घेतलात तर मोटरही सेकंदाला 66 फेरेच मारते! रोटरचा, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाचा, अनबॅलन्स आणि शूचा ठोका एकाच शिखरात मिसळतात, कुठला कुणाचा ते एफएफटी (कंपनांची फ्रिक्वेन्सीनुसार फोड) बघून कळतच नाही. रेशो 12 घ्या, मोटर 79 वर जाते आणि दोघं वेगळे दिसतात.

स्प्रॉकेट गोल धरू नका, तो दशकोन आहे. तो एकसारख्या वेगाने फिरला तरी ट्रॅकचा वेग दर शूला जवळपास 5 टक्के खालीवर होतो, खरा ठोका हाच.

मोटरलाही सपाट टॉर्क देऊ नका. 4 पोल-जोड्या असतील तर इलेक्ट्रिकल फ्रिक्वेन्सी मोटरच्या फेऱ्यांच्या चौपट, साधारण 315, रिपल तिच्या सहापट, 1890 हर्ट्झ. एका सायकलला 20 पॉइंट हवेत, म्हणजे टाइमस्टेप (सॉफ्टवेअर एका पावलात पुढे जातं तेवढा वेळ) 25 मायक्रोसेकंद. अख्खा ट्रॅक एवढ्या बारीक स्टेपने चालवला तर रन संपता संपत नाही, म्हणून आधी फक्त मोटर, शाफ्टची टॉर्शन (पिळाची) स्प्रिंग आणि स्प्रॉकेट एवढंच चालवा. रोटरचा इनर्शिया स्प्रॉकेटकडे नेताना रेशोच्या वर्गाने, 144 ने, गुणायचा, हे राहिलं की टॉर्शनचा रेझोनन्स भलतीकडेच दिसतो.

मग पूर्ण गाडी घ्या, वेग हळूहळू वाढवत. वॉटरफॉल प्लॉटमध्ये (वेगवेगळ्या वेगांचे एफएफटी एकामागे एक मांडलेला आलेख) वेगाबरोबर सरकणाऱ्या तिरक्या रेषा ट्रॅकच्या नाहीतर मोटरच्या, वेग बदलला तरी जागा न सोडणाऱ्या रेझोनन्सच्या. मला एकदा 410 हर्ट्झला असंच न हलणारं शिखर दिसलं, दोन दिवस शाफ्टचा कडकपणा बदलत बसले, शेवटी टाइमस्टेप अर्धी केली तर शिखरच दुसरीकडे गेलं. तेव्हापासून नवीन शिखर दिसलं की तोच रन अर्ध्या स्टेपने परत घेते, हललं तर ते गाडीचं नाही, सॉल्व्हरचं, म्हणजे सॉफ्टवेअरच्या आकडेमोडीचं.