लॅमिनायटिसचं तट्टू: नाल ठोकण्याआधी या चुका टाळा

तट्टू पुढचे पाय पुढे टाकून, भार मागे देऊन उभं राहतं, वळताना कचरतं, आणि आपण म्हणतो, 'नाल बदलायला झाली.' थांबा. लॅमिनायटिस म्हणजे खुराच्या आतल्या थराला येणारी सूज; ती जुनी झाली की खुराची भिंत आणि आतलं हाड यांची पकड सुटलेली असते. हाड तिरकं होतं, कधी खाली बसतं. खूर उचलून पाहा. भिंतीवर टाचेकडे रुंदावणारी वलयं, भिंत आणि तळवा जोडणारी पांढरी रेषा ताणलेली, सपाट झालेला तळवा दिसला की नालबंदाच्या आधी डॉक्टर आणि बाजूने काढलेला एक्स-रे. त्यावाचून किती तासायचं हे मुरलेल्या नालबंदालाही कळत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे तळवा कोरून 'साफ' करणं. हाडाचं टोक त्याच पातळ थरावर टेकलेलं असतं; सुरी तिथे लावूच नये. कानस चालवायची ती खुराच्या पुढे वाढलेल्या टोकावर, म्हणजे चालताना खूर टोकावरून लवकर उचलला जातो आणि भिंतीवरचा ताण कमी होतो. टाचा उतरवायच्या, पण टप्प्याटप्प्याने. एकदम उतरवल्या तर पायामागची कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) हाडाला आणखी ओढते. तासणी ४ ते ६ आठवड्यांनी हवी. नवी भिंत टोकापर्यंत यायला ९ ते १२ महिने लागतात, घाई करून उपयोग नाही.

नालेचा प्रश्न यानंतरचा. खूर दुखरा असताना खिळे ठोकू नयेत. गादी घातलेले खुराचे बूट किंवा डिंकाने चिकटवायची नाल बरी. उलटी (मागचं पुढे करून बसवलेली) नाल किंवा मधल्या त्रिकोणी मऊ भागाला आधार देणारी नाल एक्स-रे पाहूनच. आधाराच्या नालेची मधली पट्टी जरा जास्त दाबली तर दुखणं वाढतं. काहींना नालेविना, मऊ जमिनीवरच आराम पडतो. माथेरानसारख्या चढउतारावर असं जनावर पर्यटकाखाली घालू नये, नाल कितीही भारी असो.

खाण्याकडे दुर्लक्ष केलं तर वरचं सगळं पाण्यात. चंदी, गूळ, कोवळं हिरवं गवत बंद. वाळलं गवत तासभर भिजवून, पाणी ओतून द्या. मात्र उपाशी ठेवू नका, लठ्ठ तट्टाच्या रक्तात चरबी उतरून जिवावर बेततं.

आणि एकच पाय अचानक टेकेनासा झाला, खूर गरम लागला, तर बहुधा आत पू झालाय. दुखणं दाबणारं इंजेक्शन देऊन चालवू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडून पू काढून घ्या.