पुसलेले फोटो परत आले!

कॅमेऱ्याचं जुनं ३२ जीबीचं कार्ड रिकामं केलं, काढून परत घातलं तर सगळे फोटो जागच्या जागी. फॉरमॅटही 'पूर्ण' झालं म्हणे, तरी तेच. भुताटकीच! कडेची लॉकची पट्टी बघितली, ठीक होती.

मेमरी झिजली की कार्डातलं फर्मवेअर, म्हणजे कार्ड चालवणारा आतला छोटा प्रोग्राम, बऱ्याचदा लिहिणं बंद करतं. काही कार्डं तसं कळवतात. माझं मात्र लिहिल्याचं नाटक करत होतं. त्यामुळे भाचीच्या बारशाचे फोटो गेलेच, ते कधी उमटलेच नव्हते. रिकव्हरी सॉफ्टवेअर काय करणार, कपाळ?

जुने तेवढे लगेच लॅपटॉपवर उतरवून घेतले. नवीन कार्ड आणलं ते आधी 'एफ३' या कार्ड तपासायच्या प्रोग्रामने काठोकाठ भरून, परत वाचून तपासलं. ताई अजून बोलत नाहीये.