साथीच्या सरावातल्या या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात १०८ची पोरं, अग्निशमनचे जवान, आशाताई, कुणालाही साथरोगाचं प्रशिक्षण द्या. पीपीई किट चढवायला सगळे पुढे, उतरवायला मात्र कुणाला धीर नाही. चढवताना फोटो निघतात ना!

धोका जास्त उतरवतानाच असतो. रुग्णाची उलटी, रक्त, थुंकी लागलेली असते ती किटच्या बाहेरून. म्हणून सरावात मी खोबरेल तेलात कुंकू कालवून किटच्या छातीला आणि हातमोज्यांना फासतो. खानापूरकडच्या एका सरावात एक चलाख ड्रायव्हर बघता बघता मोकळा झाला. "झालं की सर!" गड्यानं हातमोजे तसेच ठेवून आधी मास्क ओढला होता, वर घामही पुसला होता. कपाळ, कानाची पाळी, डाव्या डोळ्याची कड, सगळं लाल. पोरं हसायला लागली, तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि त्यानं तो तसाच कानाला लावला. आता तो फोन घरी लेकीच्या हातात गेला असता.

क्रम असा: आधी हातमोजे, मग गाऊन आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत, मग मागच्या पट्ट्याला धरून गॉगल, सगळ्यात शेवटी मास्क. प्रत्येक टप्प्याला हात स्वच्छ करायचे. माझी सवय म्हणजे समोर एक जोडीदार उभा करायचा आणि त्यानं एकेक पायरी मोठ्यानं सांगायची, तीही मराठीत. भिंतीवरचा तक्ता कन्नडात नाहीतर इंग्रजीत असतो आणि दमलेला माणूस तो वाचत नाही. "पाठ आहे सर" म्हणणाऱ्याला तर मी हमखास दुसऱ्यांदा उतरवायला लावतो.

दुसरी चूक ब्लीचिंग पावडरची. मूठभर टाकली, ढवळली, संपलं! पावडरमध्ये ३० टक्के क्लोरीन असेल तर लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम टाकल्यावर साधारण १ टक्क्याचं द्रावण होतं. वजनकाटा नसेल तर चमचा एकदा मोजून ठरवा आणि तोच वापरा. तोंड उघडं राहिलेल्या जुन्या पोत्यातल्या पावडरीवर भरवसा नको. द्रावण रोज ताजं करा. सांडलेल्या रक्तावर आधी कापड, त्यावर द्रावण, मग निदान दहा मिनिटं थांबा. लगेच पुसणाऱ्यांनी पावडर वाया घालवू नये. आणि त्यात संडासचं ॲसिड कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो.

माकडतापाच्या बाबतीत सगळं उलटं चालतं. हा आजार १९५७ साली शिवमोग्ग्याकडच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. काजूच्या हंगामात दोडामार्ग, सत्तरीकडे जाणाऱ्या खानापूरच्या माणसांना तो नवा नाही. तो पसरतो गोचिडीमुळे, माणसाकडून माणसाला नाही. तरी रुग्णाजवळ पूर्ण किट घालणारा गडी मेलेलं माकड बघायला चप्पल घालून जातो. माकड थंड पडलं की गोचिडी ते सोडून आसपास पसरतात. लांब राहा, आरोग्य, वन आणि पशुसंवर्धन खात्याला कळवा.

मेलेलं जनावर रक्त गळत पडलं असेल तर चिरू नका. काळपुळीचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे जंतू हवेत उघडे पडले की बीजाणू धरतात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात.

नमुन्याच्या नळीवर नाव आधी, रक्त नंतर.

श्रावण म्हणून दाढी राखलेल्यांच्या तोंडावर एन-९५ नीट बसत नाही, फटीतून हवा जाते. दाढी काढायची नसेल तर त्या दिवशी गाडी चालवा, रुग्णाजवळ दुसऱ्याला पाठवा.