कापऱ्या हातांनी चहा, जेवण आणि सही

हात कापायला लागला की बहुतेकजण पकड आवळतात, आणि नेमकं तिथेच बिघडतं. आवळलेल्या हाताचा कंप वाढतो, कोपर अधांतरी असेल तर बोटांपाशी तो आणखी मोठा होतो. म्हणून कोपर टेबलावर टेकवा. टेबल नसेल तर बरगडीला चिकटवा. पकड सैल ठेवा.

चहाला कपबशी नको. बशीत कप वाजतो, त्या आवाजाने माणूस ओशाळतो आणि ओशाळला की हात जास्तच कापतो. मोठ्या कानाचा मग घ्या, अर्धाच भरा, दोन्ही हातांनी धरा. कोपरं टेबलावर टेकलेली असली की हा मग थोडासाच उचलावा लागतो, उरलेलं अंतर मान खाली नेऊन भागतं. कुणाकडे गेलात तर ‘मला मगमध्ये अर्धाच द्या’ असं आधीच सांगून टाकावं.

चहा करताना पातेलं पक्कडीत धरून गाळायला जाऊ नका. भाजतं ते इथेच. गॅस बंद करा, पातेलं शेगडीवरच राहू द्या. शेजारी परात, परातीत मग, मगावर गाळणी. लांब दांड्याच्या पळीने थोडा थोडा चहा गाळणीत ओता. सांडलं तरी परातीत.

जेवताना ताटाखाली ओला, पिळलेला फडका अंथरला की ताट सरकत नाही. ताट उभ्या काठाचं असावं. वरण दाट ठेवा; पातळ आमटी चमच्याने खाण्यापेक्षा छोट्या पेल्यातून प्यावी. घट्ट कालवलेला भात हाताने खाणं बऱ्याच जणांना चमच्यापेक्षा सोपं जातं. चमचाच हवा असेल तर दांड्याला कापडी पट्टी गुंडाळून तो अंगठ्याएवढा जाड करा. वजनदार चमचे मिळतात, पण काहींचा हात त्याने उलट दमतो. विकत घेण्याआधी वापरून बघा.

शर्टाच्या काजांमागे वेलक्रो शिवून घ्या, बटणं वरून नुसती शोभेला. दाढीला ब्लेडऐवजी इलेक्ट्रिक शेव्हर. डोळ्यांत थेंब आडवं पडून, मनगट कपाळावर टेकवून घाला.

सही जाड पेनाने, हात टेकवून, सावकाश करा. तरीही जुळत नसेल तर बँकेत नवा सहीचा नमुना द्या. सही जमतच नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे अंगठा चालतो. त्याला दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी.

कंप वयामुळेच असतो असं धरून चालू नका. थायरॉईड ग्रंथी जास्त काम करणं, साखर उतरणं, दम्याचं सालब्युटामॉल, मनोविकारावरचं लिथियम, फिटवरचं व्हाल्प्रोएट, यांनीही हात कापतात. गोळ्या मात्र मनाने बंद करू नका. कप धरताना कापतो की हात मांडीवर निवांत असताना, हे डॉक्टरांना नक्की सांगा. पहिला प्रकार बहुधा इसेन्शियल ट्रेमरचा, म्हणजे हात वापरताना येणाऱ्या कंपाच्या आजाराचा, दुसरा पार्किन्सनकडे बोट दाखवणारा. इसेन्शियल ट्रेमरवर प्रोप्रॅनोलॉल देतात. दमा असेल तर तो आधी सांगा, कारण त्यात ही गोळी चालत नाही. अचानक एकाच बाजूचा हात कापू लागला, सोबत बोलणं अडखळलं किंवा ताकद गेली, तर वाट न बघता थेट रुग्णालय गाठा.

कंप वाढतोय का ते कळावं म्हणून दर महिन्याला कोऱ्या कागदावर, हात न टेकवता, जिलबीसारखी आतून बाहेर जाणारी गोल रेघ दोन्ही हातांनी वेगवेगळी काढा. तारीख टाका आणि तपासणीला जाताना ते कागद घेऊन जा.