आजोबांचे घड्याळ पुन्हा चालू करताना या चुका टाळा

वडोद्यातील दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराची आवराआवर करताना आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत, पेन्शनच्या कागदांखाली, रुमालात गुंडाळलेले एक मनगटी घड्याळ सापडले आणि मी लगेच त्याला चावी दिली. ते दोन मिनिटे चालून थांबले, म्हणून पुन्हा दिली. पहिली चूक हीच. वीस-पंचवीस वर्षे पडून राहिलेल्या घड्याळातील तेल वाळून चिकट झालेले असते, आणि तशा अवस्थेत ते चालवत राहिल्यास चाकांच्या आसांची केसाएवढी बारीक टोके झिजू लागतात. ‘जास्त चावी दिल्याने अडकले’ असे घरोघरी म्हटले जाते. वास्तविक पूर्ण चावी भरलेले निरोगी घड्याळ साधारण दीड दिवस आपसूक चालते, आणि चावी भरलेली असूनही ते थांबत असेल तर दोष बहुधा वाळलेल्या तेलाचा असतो. त्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडणे हा उपाय नव्हे. ते तेल पसरते, धूळ धरते, आणि नंतरची सफाई अधिक अवघड करते.

घड्याळ कोणते आहे, हे केवळ तबकडीवरील नावावरून ठरवू नये. आपल्याकडच्या घरांत सहसा एचएमटी, फेव्हर-ल्युबा, वेस्ट एंड किंवा रोमर सापडते. कौटुंबिक आठवणी प्रेमाने ऐकाव्यात, पण ताडून पाहाव्यात: एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बेंगळुरूला घड्याळे बनवण्यास १९६१ मध्ये सुरुवात केली, त्यामुळे ‘आजोबांना १९५५ साली लग्नात मिळालेले एचएमटी’ संभवत नाही. खरी ओळख आत असते. घड्याळजीकडून मागचे झाकण उघडून घ्यावे आणि झाकणाच्या आतील बाजूचे तसेच मशीनवर, बहुधा बॅलन्सच्या, म्हणजे सतत पुढे-मागे डोलणाऱ्या, चाकाजवळ कोरलेले क्रमांक मोबाइलने टिपून ठेवावेत. बॅलन्सच्या मधोमध वीणेच्या आकाराची इवलीशी स्प्रिंग दिसली, तर ती धक्क्यापासून वाचवणाऱ्या इन्काब्लॉक पद्धतीची असते, म्हणजे ते मशीन १९३० च्या दशकाआधीचे असू शकत नाही. झाकणाच्या आत टोकदार हत्याराने खरवडलेले बारीक आकडेही सापडतात. ती पूर्वीच्या घड्याळजींनी केलेल्या दुरुस्तीची नोंद असते, ओरखडा समजून ती पुसू देऊ नये.

आमच्याकडून सर्वांत मोठी चूक तबकडीच्या बाबतीत झाली. एका दुकानदाराने ‘डायल नवी करून देतो’ असे सुचवले आणि आईने हौसेने होकार दिला. परत आलेली तबकडी दुधासारखी पांढरी होती, परंतु मिनिटांच्या रेषा जाड झाल्या होत्या, त्यांतील काही तासांच्या खुणांशी जुळत नव्हत्या, आणि सहाच्या आकड्याखाली असलेली ‘स्विस मेड’ ही सूक्ष्म अक्षरे गायबच झाली होती. जुन्या तबकडीवर उतरलेला तपकिरी डाग हा आजोबांच्या मनगटावर गेलेल्या वर्षांचा होता. रंग एकदा काढला की तो परत आणता येत नाही. घड्याळ विकत घेतानाही पुन्हा रंगवलेली तबकडी याच खुणांवरून ओळखता येते.

केसला चकाकी आणण्याचा मोहही असाच महागात पडतो. अनेक साध्या घड्याळांची केस पितळेची असून वर क्रोमचा पातळ थर असतो, आणि सोनेरी घड्याळांवर ‘१० मायक्रॉन’ किंवा ‘२० मायक्रॉन’ असे लिहिलेले असते; एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, त्यामुळे पॉलिशच्या चाकाखाली पितळ उघडे पडायला वेळ लागत नाही. प्लास्टिकच्या काचेवरील ओरखडे मात्र धातूच्या पॉलिशने घरीही घालवता येतात.

एक सावधगिरी गंभीर आहे. १९६० च्या दशकापूर्वीच्या अनेक तबकड्यांच्या आकड्यांवर रेडियमचे चमकते मिश्रण असे. ते अंधारात चमकेनासे झाले म्हणजे निरुपद्रवी झाले, असे नाही. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षे आहे. असे घड्याळ घरी उघडू नये, आकडे खरवडू नयेत, तबकडीवर फुंकर मारू नये.

सर्व्हिसिंगनंतरही घड्याळ तासाला काही मिनिटे पुढे जात असेल, तर हेअरस्प्रिंगला, म्हणजे बॅलन्सला डोलवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला, चुंबकत्व लागल्याचा संशय घ्यावा. होकायंत्र जवळ नेल्यावर त्याची सुई हलली, तर संशय बळावतो. मोबाइलच्या कव्हरमधील चुंबक किंवा स्पीकर याला पुरेसा होतो, आणि घड्याळजीकडील यंत्राने तो दोष क्षणात जातो. टिकटिक ऐकू येते पण काटे हलत नाहीत, असे झाल्यास काटे फिरवणारे मधले चाक सैल झालेले असू शकते. तारखेचे घड्याळ असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख बदलू नये, कारण त्या वेळी दाते गुंतलेले असतात. दिवसाला अर्ध्या-एक मिनिटाचा फरक जुन्या मशीनला माफ करावा.

दुरुस्तीला देताना ‘बदललेले भाग परत हवेत’ हे आधीच सांगावे आणि ते पावतीसह एका पाकिटात ठेवावेत. झाकणावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेले असले तरी आतील रबर केव्हाच कडक झालेले असते, म्हणून वडोद्याच्या जुलैतील पावसात ते घड्याळ घालून बाहेर पडू नये. काचेच्या आत वाफ दिसलीच, तर तांदळाच्या डब्यात न ठेवता त्याच दिवशी ते घड्याळजीकडे न्यावे, कारण चावीच्या पोलादी दांडीवर गंज लवकर चढतो.