इंजिन फ्लश करायचं का, आणि ऑइल कोणतं घालायचं?

इंजिन फ्लश, म्हणजे जुन्या ऑइलमध्ये ओतून आतला गाळ सुटा करणारं द्रव. त्याची बाटली विकत घेण्याआधी ऑइल भरायचं झाकण उघडा आणि टॉर्च मारून आत बघा. धातूवर तपकिरी, पातळ झाक दिसली तर तुमच्या इंजिनाला फ्लशची गरजच नाही. ऑइल काळं झालंय, एवढ्यावरून निर्णय घेऊ नका. चांगल्या ऑइलमध्ये सफाईचे घटक मुळातच असतात. ते काजळी धरून ठेवतात, म्हणून ऑइल काळं पडतं. डिझेल गाडीत तर नवं ऑइलही लवकर काळं होतं.

झाकणाखाली डांबरासारखे गोळे दिसले तर मात्र सावध व्हा, कारण अशा इंजिनात फ्लश उलटा पडू शकतो. सुटलेला गाळ चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाखाली ऑइल साठतं त्या भांड्यातल्या, जाळीत अडकला की पंपाला ऑइल मिळत नाही आणि बेअरिंग जातात. अशा वेळी मेकॅनिककडून चेंबर उघडून साफ करून घ्यावं किंवा कमी अंतराने दोन-तीनदा ऑइल-फिल्टर बदलत गाळ हळूहळू काढावा. टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच फिरत असेल, तर गाडीच्या कंपनीच्या परवानगीशिवाय फ्लश घालू नका. आणि रॉकेल किंवा डिझेल ओतून इंजिन धुण्याचा जुना उपाय कृपया विसरा. ते इतकं पातळ असतं की बेअरिंगवर वंगणाचा थर टिकत नाही.

थोडाफार थर असेल आणि फ्लश करायचंच ठरलं, तर गाडी आधी फिरवून इंजिन गरम करा. ते बंद करून जुन्या ऑइलमध्येच, बाटलीवर लिहिलंय तेवढं फ्लश ओता. आता गाडी जागेवरच चालू ठेवा. बहुतेक बाटल्यांवर 5 ते 15 मिनिटं लिहिलेली असतात, त्याहून जास्त नको. या वेळात रेस करू नका, गाडी चालवू तर मुळीच नका, कारण ऑइल पातळ झालेलं असतं. ऑइलचा लाल दिवा लागला तर लगेच इंजिन बंद करा. मग ऑइल गरम असतानाच ड्रेन प्लग (चेंबरच्या तळाचा, ऑइल काढायचा बोल्ट) उघडा, हात मात्र जपा. शेवटचा थेंब निथळू द्या, फिल्टर न चुकता बदला आणि ड्रेन प्लगला नवा वॉशर लावा.

पेट्रोलच्या टाकीत घालायचं इंजेक्टर क्लीनर ही वेगळी वस्तू आहे. ते इंधनाच्या वाटेवर काम करतं, ऑइलमधल्या गाळाला हातही लावत नाही. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवरची काजळीही त्याने निघत नाही, कारण पेट्रोल तिथे पोचतच नाही.

आता ऑइल. माझ्या मते कुठल्याही बाटलीपेक्षा योग्य ग्रेडचं ऑइल वेळेवर बदलणं इंजिनाला जास्त जपतं. गाडीसोबतची पुस्तिका उघडा. समजा 5डब्ल्यू-30 लिहिलंय. 'डब्ल्यू' म्हणजे हिवाळा, त्याआधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो आणि आकडा लहान तितकं बरं. 30 हा आकडा 100 अंश सेल्सिअसला असलेल्या दाटपणाचा. जास्त दाट ते जास्त चांगलं, हा समज चुकीचा आहे. आजच्या इंजिनांतल्या फटी बारीक असतात, तिथे दाट ऑइल उशिरा पोचतं.

ग्रेडइतकाच दर्जाही बघा. एपीआय या अमेरिकी संस्थेच्या, बाटलीवर असलेल्या चिन्हात 'एस'ने सुरू होणारी श्रेणी पेट्रोलची, 'सी'ने सुरू होणारी डिझेलची. पेट्रोलमध्ये 2020 पासूनची 'एसपी' श्रेणी आधीच्या 'एसएन'च्या जागी चालते. डिझेल गाडीला धूर गाळणारा फिल्टर असेल तर कमी राख सोडणारं, एसीइए या युरोपातल्या वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या 'सी' गटातलं ऑइल लागतं. पुस्तिकेत सी2 आहे की सी3, तेही तपासा. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो. त्यात कारचं ऑइल घातलं तर क्लच घसरू शकतो, म्हणून जासो या जपानी मानकाचं 'एमए' किंवा 'एमए2' बघूनच घ्या.

भरताना नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला ऑइलमध्ये बुडवलेलं बोट फिरवा आणि फिरवून बसवायचा फिल्टर असेल तर तो हातानेच घट्ट करा. थोडं कमीच भरून इंजिन मिनिटभर चालू ठेवा, बंद करा, सपाट जागेवर पाच मिनिटं थांबून डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) बघा आणि मग वरच्या खुणेपर्यंत भरत न्या. खुणेच्या वर गेलं तर क्रँकशाफ्ट ऑइल घुसळून फेस करतो, म्हणून जास्तीचं काढून टाका. काढलेलं ऑइल डब्यात बंद करून वापरलेलं तेल घेणाऱ्याकडे द्या, गटारात ओतू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली डाग आहे का बघा आणि डिपस्टिक पुन्हा एकदा काढून बघा.