रुमॅटॉइड संधिवातात नैराश्य कसे ओळखावे आणि डॉक्टरांना कसे सांगावे

रुमॅटॉइड संधिवात (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो आजार) असलेल्या बाईला ‘काय होतंय?’ असे विचारले की ती सुजलेली बोटे दाखवते, सकाळी तासभर मूठ वळत नाही हे सांगते. कशातच मन लागत नाही, हे मात्र सहसा सांगत नाही. वास्तविक हे नैराश्य दुर्मीळ नाही. अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, निदानाचे निकष लावल्यावर सुमारे १७ टक्के रुग्णांना नैराश्याचा आजार असल्याचे आढळले.

अडचण अशी की थकवा, तुटक झोप आणि मंदावलेली भूक ही संधिवाताचीही लक्षणे आहेत आणि नैराश्याचीही. म्हणून गेल्या दोन आठवड्यांविषयी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत: आवडीच्या गोष्टींत रस वाटेनासा झाला आहे का, आणि उदास किंवा हताश वाटते का? प्रत्येक उत्तराला ‘अजिबात नाही’साठी ०, ‘काही दिवस’साठी १, ‘निम्म्याहून अधिक दिवस’साठी २ आणि ‘जवळजवळ रोज’साठी ३ गुण द्यावेत. बेरीज ३ किंवा अधिक आली तर ते निदान नव्हे, पण डॉक्टरांशी बोलण्यास पुरेसे कारण आहे. कणीक मळता येत नाही ही हाताची अडचण झाली. नात शेजारी येऊन बसली तरी तिच्याशी बोलावेसे वाटत नाही, ही निराळी गोष्ट आहे, आणि तिची नोंद निराळीच ठेवावी.

यासाठी एक साधी वही पुरते. रोज सकाळी सांधे किती मिनिटे आखडलेले होते, झोप कशी लागली आणि मन कसे होते, एवढेच लिहावे.

ही वही संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवणे फार महत्त्वाचे आहे, आणि त्याचे कारण रुग्णाला कोणी क्वचितच समजावून सांगते. आजार किती सक्रिय आहे हे ठरवताना बहुधा २८ सांध्यांमधील दुखरे किती आणि सुजलेले किती हे मोजतात, रक्तातील दाहाची (सांधे सुजवणाऱ्या प्रक्रियेची) तपासणी पाहतात आणि ‘तुम्हाला एकंदर कसे वाटते’ यालाही गुण देतात. नैराश्यात दुखरेपणा आणि हे शेवटचे गुण वाढतात, सूज मात्र तेवढीच राहू शकते. मग मनाची स्थिती ठाऊक नसलेले डॉक्टर संधिवाताचेच औषध वाढवण्याची शक्यता असते. याचा अर्थ वेदना काल्पनिक आहे असा मुळीच नाही. उलट, शरीरातील दाह स्वतःच मनाला खाली ओढतो, म्हणून मेथोट्रेक्सेटसारखी संधिवाताची चालू औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत.

बोलायला संकोच वाटत असेल तर आत शिरताच हे एक वाक्य म्हणावे: ‘डॉक्टर, सांध्यांबरोबर मनाचंही सांगायचं आहे.’ हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी करायची का, तेही विचारावे, कारण त्यांच्या बिघाडानेही असाच थकवा येतो. नैराश्यावरील औषध सुरू झाले तर परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात, तोवर धीर धरावा. मात्र आपण घेत असलेल्या वेदनाशामक गोळ्यांची नावे आधीच सांगावीत. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्यांसोबत नैराश्यावरील काही औषधे घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. समुपदेशन आणि झेपेल इतका नियमित व्यायाम यांचाही उपयोग होतो.

जगणे नकोसे वाटू लागले किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार आले तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नये. घरात लगेच सांगावे, तातडीने दवाखाना गाठावा किंवा टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ही सेवा विनामूल्य आणि चोवीस तास सुरू असते.

घरच्यांना एक कळकळीची विनंती आहे. ‘मन खंबीर कर’ असे म्हणू नका. ‘कुकरचं झाकण मी लावू का?’ असे विचारा. आणि दया म्हणून तिच्या हातातले सगळेच काम काढून घेऊ नका. फोडणी तिला द्यायची असेल तर ती तिलाच देऊ द्या, जड कढई तेवढी तुम्ही उचला.